भांडण परीक्षेच्या जागेचं, प्रश्न वाचनाचा

31 जानेवारी 2022 रोजी धारावीत, तत्कालीन शालेय शिक्षणमंत्र्यांच्या निवासस्थानाबाहेर, दहावी-बारावीची मुलं मोठ्या संख्येने जमली. त्यांचा सवाल सरळ होता: वर्षभर शिकवलंत ऑनलाइन, मग परीक्षा ऑफलाइन कशी? त्यावर जी चर्चा झाली तिचे सूर आधीच ठरलेले होते. एक गट म्हणाला, मोबाइलने ही पिढी वाया गेली, आता लिहायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. दुसरा म्हणाला, मुलांच्या जिवाशी खेळू नका, जग डिजिटल झालं, मंडळ मात्र पुरवण्या बांधत बसलंय. शेवटी राज्य मंडळाने परीक्षा वर्गातच घेतली. अभ्यासक्रम 75 टक्के, केंद्र शक्यतो आपल्याच शाळेत, मोठ्या पेपरांना 30 मिनिटं जादा. वाद संपला असं सगळ्यांनी धरून टाकलं. तो संपलेला नाही. आजही अतिवृष्टीमुळे शाळा बंद ठेवायची वेळ आली आणि कुणी ऑनलाइन तासाचं नाव काढलं की शिक्षकांच्या खोलीत आणि पालकांच्या ग्रुपवर तेच दोन गट तीच वाक्यं घेऊन उभे राहतात. दोघंही एकाच मुद्द्यावर अडून बसतात: मूल बसलं होतं कुठे? त्याच्या पुढ्यात काय होतं आणि पेपरने त्याच्याकडे मागितलं काय, याची चौकशी कुणी करत नाही.

मी मराठी शिकवते, तेव्हा मराठीपुरतंच बोलते. माझं म्हणणं असं की साहित्याच्या पेपरची तयारी ही दहावीच्या सगळ्या विषयांत दूरून करून घ्यायला सर्वांत सोपी होती. प्रयोगशाळा नको, फळा नको, भूमितीची आकृती पायरीपायरीने उलगडून दाखवायला नको. पुस्तक, वही आणि मुलाने लिहिलेलं मन लावून वाचणारं एक माणूस, एवढ्यावर भागलं असतं. तरीही ती तयारी फसली. फसली याचं खापर इंटरनेटवर फोडणं सोयीचं आहे, कारण मग वर्गाची झडती घ्यावी लागत नाही. वर्गात आपण जे करून घेत होतो ते बव्हंशी वाचन नव्हतंच. तेच आपण मोबाइलवर पाठवलं आणि ते पोचल्यावर उघडं पडलं.

आधी पेपर नीट बघू. वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो आपल्या दहावीनंतर हातात घेतलेला नसतो. दहावीच्या मराठीची, म्हणजे कुमारभारतीची, कृतिपत्रिका (आताची प्रश्नपत्रिका) 80 गुणांची. गद्य 18, पद्य 16, स्थूलवाचन 6, भाषाभ्यास 16 आणि उपयोजित लेखन 24. गद्याच्या 18 गुणांतले 4 अपठित उताऱ्याला. म्हणजे अपठित, भाषाभ्यास आणि उपयोजित लेखन मिळून 44 गुण असे आहेत की ज्यांचा अमुक एक धडा बाईंनी वर्गात शिकवला की नाही याच्याशी थेट संबंध येत नाही. उरलेल्या गुणांतही गद्याचा उतारा आणि कवितेच्या ओळी पेपरात छापून येतात. मुलाने त्या तिथल्या तिथे वाचायच्या, चौकटी भरायच्या, आकृती पूर्ण करायची, मग स्वमत लिहायचं. जुन्या ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’च्या जमान्यात पुस्तक डोक्यात ठेवून जावं लागे. या पेपराला डोकं रिकामं असलं तरी चालेल, पण डोळे उघडे हवेत. अशा पेपरची तयारी घरी बसून होणार नाही, तर मग कुठल्या पेपरची होणार?

आणि झालं काय? सकाळी झूम किंवा मीटवर चाळीस मिनिटांचं व्याख्यान. धड्याचा सारांश, लेखकाचा परिचय, ‘महत्त्वाचे प्रश्न’. मग ग्रुपवर उत्तरांची पीडीएफ. संध्याकाळी वहीचे फोटो मागवायचे. ते फोटो ज्यांनी तपासलेत त्यांना वेगळं सांगायला नको: पान आडवं, कडेला अंगठा, कागदावर मोबाइलचीच सावली, आणि रसग्रहणाखाली तीच ती ओळ, ‘कवितेची भाषा साधी, सोपी व ओघवती असून कवीने आपले विचार प्रभावीपणे मांडले आहेत.’ कविता कुठलीही असो. संतांची असो, नवकवीची असो, भाषा ओघवतीच. एकदा पीडीएफ टाइप करणाऱ्याच्या हातून ‘ओघवती’चं ‘ओघावती’ झालं, तर वहीमागून वही ‘ओघावती’ येत राहिली. मुलांनी ते हाताने, निळ्या शाईने, समास आखून उतरवलं होतं. कष्टात कसूर नव्हती. फक्त कविता कुणी वाचलेली नव्हती, आणि वाचायची गरजही कुणाला पडली नव्हती.

हे ऑनलाइनमुळे झालं का? 2019 च्या फेब्रुवारीत, कोरोनाचं नावही ऐकलेलं नसताना, हीच ओळ त्याच मुलांच्या भावंडांनी लिहिली होती. तेव्हा ती फळ्यावरून उतरवली होती एवढाच फरक. ‘उत्तर लिहून घ्या’ हे आपल्याकडच्या भाषेच्या तासातलं सर्वांत जास्त उच्चारलं जाणारं वाक्य असावं. 2019 सालच घ्या. त्या वर्षी भाषांच्या तोंडी परीक्षेचे 20 गुण काढून पूर्ण 100 गुणांचा लेखी पेपर ठेवला गेला, शिवाय नव्या पुस्तकांवरची ती पहिलीच परीक्षा. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. हाहाकार झाला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल 95.30 वर गेला. एका वर्षात मुलं एवढी हुशार झाली, असं कुणी छातीठोकपणे म्हणेल? शाळा नियमित भरत होत्या, बाकं भरलेली होती, शिक्षक समोर होते, तरी लेखी पेपराने मागितलेलं मुलांना देता आलं नाही. तेव्हा कुणी ‘वर्ग’ या माध्यमावर ठपका ठेवला नाही. मग वर्ग बंद पडले आणि आपल्याला ठपका ठेवायला एक माध्यम मिळालं.

आता विरुद्ध बाजूचं. त्यात दम असलेले मुद्दे आहेत आणि त्यांना बगल देऊन पुढे जाता येणार नाही. पहिला साधनांचा. शिक्षणाच्या स्थितीवरच्या ‘असर’ या अहवालाच्या 2020 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी 61.8 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. 2018 मध्ये हे प्रमाण 36.5 टक्के होतं. वाढ मोठी, पण उरलेल्या घरांचं काय? आणि घरात फोन असणं म्हणजे मुलाच्या हातात असणं नव्हे. तो बापाबरोबर कामावर जातो, धाकट्याचा तासही त्याच वेळी असतो, नेटपॅक महिनाअखेरीला संपतो. मुलीच्या हातात फोन दिसला की घरच्यांच्या भुवया चढतात. दोन भावंडांत एक फोन असलेल्या घरात दहावीच्या मुलाला आधी मिळायचा आणि सातवीतली बहीण मागे राहायची, हे मी पाहिलेलं आहे. या विषमतेवर ‘तंत्रज्ञान सगळ्यांपर्यंत पोचलं’ असं म्हणणं हा निव्वळ कोडगेपणा.

पण हा मुद्दा व्हिडिओ-तासाविरुद्ध जातो. दूरून शिकण्याविरुद्ध तो जात नाही, आणि आपल्याकडच्या चर्चेत ही गल्लत सर्रास होते. दूरून शिकणं 2020 मध्ये जन्माला आलं नाही. 17 नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बसणारी मुलं-माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत: लवकर लग्न झालेल्या बायका, कामाला लागलेली पोरं. त्यांना रोजचा तास कधीच नव्हता. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 चं. तिथे मराठी साहित्य घेऊन पदवीधर झालेले लोक तलाठी कार्यालयापासून एसटीच्या डेपोपर्यंत भेटतील. मुक्त विद्यापीठाला कळलेली गोष्ट शालेय शिक्षण विभागाला कळली नाही. समोर शिक्षक नसताना वाचायचं पुस्तक वेगळ्या रीतीने लिहावं लागतं. त्यात मध्ये मध्ये थांबून विचारावं लागतं, वाचणाऱ्याची शंका आधी ओळखावी लागते, आणि कधीतरी अभ्यासकेंद्रावर माणसाला माणूस भेटवावा लागतो. आपण काय केलं? वर्गासाठी लिहिलेलं पुस्तक जसंच्या तसं स्कॅन करून पाठवलं आणि वर व्याख्यानाचा व्हिडिओ लावला. ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ ही घोषणा वाईट नव्हती; सुरू काय ठेवायचं, याचा विचार तिच्यामागे पुरेसा नव्हता.

साहित्याच्या बाबतीत तर स्वस्तातला मार्ग हाताशी होता आणि तो म्हणजे आवाज. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओला जेवढा डेटा लागतो त्याच्या पासंगालाही दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज लागत नाही. रेंज नसली तर रात्री पाठवता येतो, शेजाऱ्याच्या फोनवरून पाठवता येतो. काही शिक्षकांनी हे स्वतःच्या मनाने केलं: कविता मोठ्याने वाचून पाठवा, अर्थ सांगू नका, फक्त वाचा. ते मेसेज ऐकताना जे कळतं ते शंभर रसग्रहणांत कळत नाही. एक मुलगी वाचत होती, मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी ‘दार लाव गं’ म्हणालं. ती दरवेळी ओळ संपली की थांबायची, वाक्य मात्र पुढच्या ओळीत जाऊन पुरं होत होतं. म्हणजे शब्द पोचलेत, वाक्य पोचलेलं नाही. तिला एवढंच उलट सांगायचं, ‘ओळीला थांबू नकोस, अर्थाला थांब, आणि परत पाठव.’ परत आलेल्या वाचनात ती नेमकी तिथे थांबली आणि कवितेतला माणूस ऐकू आला. साठ जणांच्या वर्गात या मुलीची वाचायची पाळी वर्षातून कितीदा आली असती? आली असती तरी तिला दुसऱ्यांदा वाचायला कोण देणार होतं, पुढच्या तासाची घंटा?

दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. साहित्य ही एकट्याने करायची गोष्ट नव्हे, असं सांगणारे बरोबर आहेत. दहावीच्या पुस्तकात पु. ल. देशपांड्यांचा ‘उपास’ आहे. तो वर्गात वाचताना मागच्या बाकावरून पहिलं हसू फुटतं आणि मग ते पुढे पसरतं. ज्याला विनोद कळलेला नाही तोही हसतो आणि हसता हसता त्याला कळतो. म्यूट केलेल्या पंचेचाळीस चौकोनांत हे होत नाही. आपली परंपराही याच बाजूने साक्ष देईल. कीर्तनकार समोरच्या चेहऱ्यांकडे बघून आख्यान लांबवतो की आवरतो, लोकनाट्यातला सोंगाड्या टाळीवर पुढचं वाक्य टाकतो. श्रोता समोर नसेल तर यातलं काय उरतं? बरंच कमी उरतं, हे मान्य. म्हणून वर्ग हवाच, आणि कायमचं ऑनलाइन शिक्षण हे साहित्याच्या बाबतीत दारिद्र्यच. पण हा युक्तिवाद करणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं. ज्या वर्गाच्या आठवणीने तुम्ही गहिवरता, तो वर्ग तुमच्या शाळेत किती तास भरायचा? दिवाळीनंतर दहावीचे तास म्हणजे सराव पेपर, उत्तरं, सराव पेपर. ते सामूहिक हसणं आपणच डिसेंबरपर्यंत संपवून टाकत होतो. त्याच्या नावाने 2020 मध्ये गळा काढण्याचा हक्क तेवढाच, जेवढे तास आपण ते जपलं होतं.

टाळेबंदीतल्या खऱ्या नुकसानाकडे या वादात कुणाचं लक्ष गेलं नाही. ते झालं परीक्षा घेणाऱ्यांच्या टेबलावर. 2021-22 मध्ये सीबीएसई आणि आयसीएसई या दोन्ही मंडळांनी वर्षाचे दोन भाग केले आणि पहिल्या भागाचे पेपर बहुपर्यायी घेतले. साहित्याचेही. नाटकातल्या पात्राच्या मनात काय चाललंय, याला चार पर्याय, त्यातला एक बरोबर. आपत्कालीन सोय म्हणून समजून घेता येईल. पण त्या सोयीने काय होतं हे लवकरच दिसलं. 11 डिसेंबर 2021 च्या सीबीएसई दहावीच्या इंग्रजी पेपरात एक उतारा आला. बायकोला स्वातंत्र्य मिळालं म्हणून आईबापांचा मुलांवरचा वचक गेला, अशा आशयाचा. प्रकरण लोकसभेपर्यंत गेलं, मंडळाने उतारा रद्द करून सगळ्यांना पूर्ण गुण दिले. चर्चा सगळी उताऱ्याच्या मजकुराभोवती झाली. मला मात्र आकृतिबंध जास्त घातक वाटतो. समजा हाच उतारा लेखी पेपरात आला असता आणि खाली विचारलं असतं, ‘लेखकाचं म्हणणं तुम्हाला पटतं का, सकारण लिहा’? पंधरा वर्षांच्या मुलींनी त्या लेखकाची जी सालटी काढली असती ती वाचायला मी आनंदाने मॉडरेटर झाले असते. पर्यायाच्या गोलात काळं भरताना वाद घालता येत नाही. जो वाद घालू शकत नाही त्याची साहित्याची परीक्षा कसली घेता?

इंग्लंडमध्ये याच काळात वेगळी तडजोड झाली. 2021 च्या जीसीएसई (तिथली दहावीसारखी परीक्षा) इंग्रजी साहित्याच्या पेपरसाठी तिथल्या नियामक संस्थेने ऑगस्ट 2020 मध्ये शाळांना मुभा दिली: शेक्सपिअर सक्तीचा, बाकीच्यांतला एक भाग गाळता येईल. म्हणजे शाळेने ठरवलं तर कवितेला रजा. गुंतागुंतीचं साहित्य दूरून समजून घ्यायला अवघड, हे एक कारण. आपल्याकडे 25 टक्के कपात झाली तीही धडे-कविता मोजून. भाजी जुडीने मोजतात तसं. गणितात प्रकरण गाळलं तर खरंच ओझं उतरतं. ते सूत्र शिकायचं राहतं एवढंच. भाषेत चार धडे गाळून वाचण्याचं कौशल्य चार धड्यांनी हलकं होत नाही. उलट मुलाला वाचायला मिळणारा मजकूरच घटतो, आणि पेपरची मागणी होती तिथेच राहते. ओझं कमी करायचंच होतं तर उत्तरांचं करायचं. धडे सगळे ठेवायचे, प्रश्न निम्मे करायचे.

आणि नेमकी कुठली कविता घरात बसून वाचायची होती ते पाहा. दहावीच्या त्या पुस्तकात नारायण सुर्व्यांची ‘दोन दिवस’ आहे. गिरणी कामगाराने वाढवलेलं अनाथ मूल, पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई, मग शिक्षक. त्याने पोटामागे गेलेल्या आयुष्याचा हिशोब मांडलाय. 2020 च्या त्या उन्हाळ्यात कितीतरी मुलांच्या घरी हीच कविता चालू होती. बापाचं काम सुटलेलं, आईची धुणीभांडी बंद, रेशनची रांग, गावी जायचं की राहायचं यावर रात्रभर कुजबुज. एरवी शिक्षकाला ‘भाकरीची चिंता म्हणजे काय’ हे समजावून सांगावं लागतं. इथे मुलांनीच ते शिक्षकाला समजावलं असतं. कुणी विचारलं का त्यांना? ‘ही कविता वाच आणि तुझ्या घरातले गेले दोन महिने लिही’ एवढा एक स्वाध्याय कुठल्या पीडीएफमध्ये होता? स्वमताचा प्रश्न कृतिपत्रिकेत आहे, स्वमताला जागा कुणी दिली नाही. तिथेही गाइडात तयार मत मिळतं, ‘माझ्या मते’ या शब्दांनी सुरू होणारं.

तिसरा आक्षेप हाताचा. मुलांची लिहायची सवय मोडली, तीन तास सलग लिहिणं जमेना. हे खरं आहे, आणि मंडळाने अर्धा तास वाढवून ते कबूलही केलं. पण गंमत पाहा. उपयोजित लेखनात पत्रलेखन आहे आणि नव्या स्वरूपात ते ई-मेलच्या धाटणीचं आहे. म्हणजे 2021 मध्ये मुलं घरात कोंडलेली, मित्र वर्षभर भेटलेले नाहीत, आजी गावी एकटी, आणि ही मुलं वहीत हाताने कुठल्याशा काल्पनिक पुस्तकविक्रेत्याला काल्पनिक ई-मेल लिहितायत, खाली काल्पनिक मेल आयडी, फोटो काढून पाठवतायत. खऱ्या पत्राला याहून योग्य वेळ गेल्या शंभर वर्षांत आली नसेल. टपाल बंद पडलं नव्हतं. आजीला एक पत्र लिहायला लावायचं, नातवाचं अक्षर वाचून ती फोनवर काय म्हणाली ते दुसऱ्या दिवशी ऐकायचं. हातही चालला असता, मायनाही कळला असता. पत्राचा मायना चुकला की अर्धा गुण कापणाऱ्या आम्हा लोकांना हे सुचायला हवं होतं.

राहता राहिला गुणांचा मुद्दा, आणि पालक इथे हसून म्हणतील, बाई, तुमचं बोलणं छान आहे, पण अकरावीचा प्रवेश टक्क्यांवर होतो. अगदी खरं. ज्या बाजारात ‘अपेक्षित प्रश्नसंच’ पाठ करून नव्वद पडतात तिथे मुलाला कविता मोठ्याने वाचायला सांगणं हा आईबापांना वेळेचा अपव्यय वाटणारच, आणि त्यांना त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. 2021 चंच उदाहरण घ्या. परीक्षा रद्द झाली. नववीचे 50, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाचे 30 आणि अंतर्गत 20 असं गणित मांडून निकाल लागला 99.95 टक्के. या गणितावर कुणाचाच विश्वास नव्हता, म्हणून अकरावीसाठी 21 ऑगस्टला सीईटी ठरली. ती मुंबई उच्च न्यायालयाने 10 ऑगस्टला रद्द केली. या सगळ्या पळापळीचं मूळ एकच आहे. शाळेने दिलेल्या अंतर्गत गुणांना आपल्या समाजात पत नाही. आणि का नाही? कारण तोंडी परीक्षेचे 20 गुण आपण खिरापतीसारखे वाटत आलो. ज्या दोन वर्षांत प्रत्येक मुलाचं वाचन त्याच्याच आवाजात, तारखेसह, कुणालाही ऐकता येईल असं फोनमध्ये साठवता आलं असतं, त्या दोन वर्षांतही ते गुण अंदाजपंचेच पडले. एवढा पुरावा हाताशी असताना तो न वापरणारे आपण, आणि दोष कुणाचा, तर म्हणे मोबाइलचा.

सरकारनेही तोच सोपा रस्ता धरला. 2020 च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. मग एप्रिल 2023 मध्ये, कोरोनाकाळात नीट शिकणं झालं नाही या कारणाने, इतर मंडळांतल्या त्या वर्षी आठवीत असलेल्या तुकडीला दहावीपर्यंत सवलत मिळाली: मराठीला फक्त श्रेणी, एकूण निकालात ती धरायची नाही. ज्या भाषेला वर्षा-दीड वर्षाने अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले, तिच्यात मुलं कच्ची राहिली हे कबूल करून आपण तिला गुणपत्रिकेच्या कोपऱ्यात सरकवलं. मुलांवर दया केली असं वाटतं खरं. पण त्या मुलांना वाचता यावं यासाठी जादा तास, जादा पुस्तकं, जादा शिक्षक यांतलं काहीच त्या सवलतीच्या मागोमाग आलेलं मला दिसलं नाही.

म्हणून शिक्षकांनी संत व्हावं, अशी मागणी मी करत नाही. ज्याचे गुण मिळतात तेच शिकवलं जातं. तेव्हा पेपरच बदला. माझी मागणी लहान आहे. पद्य विभागात पुस्तकाबाहेरची, कुणीही न पाहिलेली, आठ-दहा ओळींची एक कविता छापा आणि तिच्याखाली एकच प्रश्न ठेवा: यातली कुठली ओळ तुला लागली, आणि का? 4 गुण. नमुना उत्तर देऊ नका. अपठित गद्य चालतं, मग पद्याला काय झालंय? शाळा चालू असोत की पावसाने बंद पडोत, या प्रश्नाची तयारी फळ्यावरून उतरवून होणार नाही आणि पीडीएफ पाठवूनही होणार नाही. त्यासाठी कविताच वाचाव्या लागतील. यावर माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेप मला पाठ आहे: तपासणीत एकवाक्यता राहणार नाही, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज वाढतील, आणि जूनच्या आत बाजारात ‘21 अपेक्षित अपठित कविता’ हे पुस्तक उत्तरांसकट येईल. येईलच. येऊ दे की. त्या निमित्ताने पोरांच्या डोळ्यांखालून 21 कविता तरी जातील. सध्या किती जातात ते आपल्याला ठाऊक आहे.